चौथा नट निघत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 2014 ची वॅगनआर, मुक्काम गुहागर. मागचं डावं चाक पंक्चर. तीन नट सुटले, चौथा जाम. पंक्चरवाल्याने पान्यात पाइप घालून जोर लावला, पाना सटकला आणि नटाचे कोपरे गोल झाले. आता गाडी अंगणात जॅकवर उभी आहे आणि शेजारचा वेल्डर म्हणतोय, ‘गॅसने तापवतो, दोन मिनिटांत निघेल.’ तापवू द्यावं का?

अजिबात नको. टायर रिमवर असताना नट, स्टड (म्हणजे ज्या आटेवाल्या दांड्यावर नट बसतो तो) किंवा रिम तापवायची नाही. आतून रबर तापलं की त्यातून पेट घेणारे वायू सुटतात, आत जागा बंदिस्त, आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडली तरी धोका जात नाही, ज्योत बंद करून थोड्या वेळाने फुटल्याचंही होतं. शिवाय तुमच्या मागच्या चाकात ब्रेकचा ड्रम आहे. त्याच्या आत व्हील सिलिंडरची (ब्रेक दाबणाऱ्या भागाची) रबरं आणि बेअरिंगचं ग्रीस, दोन्ही उष्णतेने कामातून जाणार. वेल्डर त्याच्या कामात हुशार असेल, पण हे काम त्याचं नाही.

पहिलं काम, गाडी जॅकवरून खाली घ्या. पंक्चर टायरवर उभी राहिली तरी चालेल, पायपंपाने थोडी हवा भरता आली तर उत्तम. जॅकवरच्या गाडीला जोराचा झटका द्यायचा नाही, हा नियम माझ्या गॅरेजमधल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड लावा.

दुसरं काम ऐकून तुम्हाला वाटेल मी उलटंच सांगतोय. काढलेले तीन नट परत लावा आणि बऱ्यापैकी घट्ट करा. चाकाचा नट खालच्या बाजूला निमुळता असतो, शंकूसारखा, आणि तो रिमच्या तशाच खळग्यात रुतून बसतो. तीन नट काढले की चाक त्या एकट्या चौथ्यावर लोंबकळतं, किंचित वाकडं होतं, आणि नट एका बाजूने खळग्यात चावून बसतो. आधी साधा जाम असलेला नट यामुळे पक्का जाम होतो. तीन नट कसले की चाक पुन्हा हबवर (ज्याला चाक जोडलेलं असतं त्या भागावर) सपाट टेकतं आणि चौथ्यावरचा तिरका ताण निघून जातो. माझ्याकडे ‘निघतच नाही’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी एवढ्यावरच सुटल्या आहेत, साध्या पान्याने.

आता नटाकडे नीट बघा. जाम बसणं आणि गोल होणं हे दोन वेगळे आजार आहेत. लोक दोन्हींवर एकच औषध देतात, ते म्हणजे जोर. जाम नटाची पकड आट्यात आणि शंकूत असते. नट कसताना लावलेल्या ताकदीचा साधारण अर्धा भाग नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांत, आणि खरोखर चाक दाबून धरायला उरतात जेमतेम दहा टक्के. सोडवतानाही भांडण याच दोन जागांशी. गोल नटाचं दुखणं बाहेरून, म्हणजे पान्याला धरायला कोपरा नाही. तुमच्या नटाला दोन्ही झालंय. आधी जाम ढिला करायचा, मगच पकड शोधायची. उलट्या क्रमाने गेलात तर नवीन पकडही फुकट घालवाल.

जाम का होतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात गाडी पुळणीवर नेऊन फोटो काढायची हौस. घरी आल्यावर बॉनेट पुसतात, चाकं कोणी गोड्या पाण्याने धूत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर पुढचं वर्षभर माझ्याकडे चिखलात बुडून निघालेल्या गाड्या येत होत्या. इंजिन, वायरिंग, सीट सगळ्याचं काम झालेलं, चाकाचे नट मात्र कोणी उघडून बघितलेच नव्हते. पहिला पंक्चर झाला की रडारड. पण खरं सांगू का, गंजापेक्षा जास्त नट मी हवेच्या गनमुळे (हवेच्या दाबावर नट फिरवणारं यंत्र) जाम झालेले बघितलेत. त्याबद्दल शेवटी बोलतो.

डब्ल्यूडी-40 किंवा गंज सोडवणारा कुठलाही स्प्रे चालेल. नसेल तर निम्मं गिअरचं पातळ ऑइल (पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) आणि निम्मं ॲसिटोन असं मिश्रण मी वापरतो. ॲसिटोन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आगीपासून लांब ठेवा आणि गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका. आधी तारेच्या ब्रशने नटाबाहेर आलेलं स्टडचं टोक घासून स्वच्छ करा. माती बसलेल्या आट्यात तेल उतरत नाही. मग स्टड आणि नटाच्या सांध्यावर थेंब-थेंब सोडा, आणि नट जिथे रिमला टेकतो तिथेही. फवारा मारू नका, उडालेलं तेल ड्रमकडे गेलं तर ब्रेकला दगा होईल. दहा मिनिटांनी पुन्हा, अर्ध्या तासाने पुन्हा, आणि मग रात्रभर राहू द्या. तुमची गाडी अंगणात आहे, हायवेवर नाही. एक रात्र थांबायला काय जातं?

सकाळी हातोडी घ्या, एक-दीड किलोची. नटाच्या तोंडावर समोरून, सरळ, मधल्यामध्ये एखादी लोखंडी सळई धरून चार-पाच ठोके द्या. स्टडच्या टोकावर थेट मारू नका, आटे चेपतील आणि नट बाहेर यायच्या वाटेतच अडेल. ठोके मोजके द्या, कारण हा धक्का मागे बेअरिंगपर्यंत जातो. गंजाचा पापुद्रा ठिसूळ असतो, नुसत्या पिळण्यापेक्षा धक्क्याने तो लवकर तडकतो. ठोके झाले की पुन्हा तेल.

आता पकड. मारुतीच्या या नटाला 19 मिलिमीटरची गोटी (नटावर बसणारं सुटं तोंड, म्हणजे सॉकेट) लागते, आटे 12 मिलिमीटर व्यासाचे, 1.25 पिचचे, म्हणजे दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर अंतर. गाडीबरोबर येणारा एल पाना नवीन असताना ठीक, पण दहा वर्षांत त्याचं तोंड फाकलेलं असतं. आणि पंक्चरवाल्याकडच्या गोट्या बहुतेक बारा कोनांच्या असतात. बारा कोनांची गोटी नटाला फक्त कोपऱ्याच्या टोकाशी धरते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूवर दाब देते. जाम नटाला पहिल्यापासून सहा कोनांचीच लावायची. तुमच्या पंक्चरवाल्याने एवढं केलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.

जोराचा हिशोबही बघा. 70 किलोचा माणूस 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर नटावर जवळजवळ 170 न्यूटन-मीटर पडतात. लहान गाड्यांचे नट साधारण 85 ते 110 मध्ये कसायचे असतात. म्हणजे उभं राहूनच तुम्ही जवळपास दुप्पट दिलेत. त्यावर चार फुटी पाइप घातला की काय होणार? एकतर पाना सटकणार, नाहीतर स्टड पिळून तुटणार.

गोल झालेल्या नटावर आपला जुना, गावठी, पण खात्रीचा उपाय म्हणजे लहान गोटी ठोकून बसवणे. कोपरे गेले म्हणजे सगळी लांबी गेली असं नसतं. पाना अर्धवट बसलेला असताना सटकतो, म्हणून बाहेरचा अर्धा भाग गोल होतो आणि रिमलगतचा भाग बहुधा शाबूत असतो. तुमचं काम, गोटी त्या शाबूत भागापर्यंत पोहोचवायचं.

18 ची, सहा कोनांची, लांब गोटी घ्या. जुनी, फेकायला काढलेली असली तरी चालेल, कारण या कामानंतर ती फेकायचीच आहे. नटावर टेकवून बघा. नुसत्या हाताने आत गेली तर ती उपयोगाची नाही, तोंडाशी अडली पाहिजे. अजिबातच घेत नसेल तर 19 चीच बारा कोनांची जाड गोटी ठोकून बघा. इथे बारा कोनांचा फायदा होतो, गोल झालेल्या लोखंडात जास्त दात रुततात. इंची गोट्यांचा सेट असलेले लोक 3/4 लावायला जातात, पण 3/4 म्हणजे 19.05, ती उलट ढिलीच होणार.

एक बारकावा जो सहसा कोणी सांगत नाही. गोटीचं तोंड आत घ्यायला सोपं जावं म्हणून आतून तिरकं घासलेलं असतं. त्या एक-दोन मिलिमीटरमध्ये गोटी नटाला धरतच नाही. माझ्याकडे दोन गोट्या अशा आहेत ज्यांचं तोंड मी ग्राइंडरवर सपाट केलंय, पाण्यात बुडवत बुडवत, म्हणजे लोखंडाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही. त्या पहिल्या मिलिमीटरपासून चावतात. अर्धा-अधिक नट शिल्लक असेल तर नुसत्या या गोटीनेही काम होतं.

गोटी नटावर सरळ धरून हातोडीने ठोका. पहिल्या दोन-तीन ठोक्यांना पोकळ आवाज येईल, आत उतरत जाईल तसा तो भरीव होत जाईल. आवाज बदलायचा थांबला की गोटी तळाला पोहोचली. मग त्यात अर्ध्या इंचाचं मजबूत हँडल घाला, खटखट करणारा रॅचेट नको, त्याचे दात जातील. हँडल तुमच्या डाव्या हाताला, जमिनीला समांतर ठेवा आणि खाली दाबा. उभं राहू नका, उड्या मारू नका. दुसऱ्या हाताने, किंवा खाली विटा रचून, गोटी सरळ राहील असा आधार द्या. तिरकी झाली की आत्तापर्यंतची मेहनत गेली.

इथे कान आणि हात दोन्ही लागतात. नट सुटताना एक कोरडा ‘टक्’ येतो आणि हँडल अचानक हलकं होतं. तो आवाज ऐकला की तेवीस वर्षांनंतरही बरं वाटतं. पण आवाज न येता हँडल रबरासारखं हळूहळू फिरत असेल, सोडलं की थोडं मागे येत असेल, तर स्टड पिळवटतोय. तिथे थांबा. थोडं उलट, म्हणजे कसायच्या दिशेने फिरवा, तेल सोडा, पुन्हा सोडायच्या दिशेने. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. सुटल्यावरही एका दमात काढायची घाई करू नका. गंजाची भुकटी आट्यात अडकून नट मध्येच पुन्हा धरतो.

ठोकलेल्या गोटीनेही जमलं नाही तर उलट्या पिळाच्या गोट्या मिळतात. त्यांच्या आत पीळदार धारा असतात, सोडायच्या दिशेने फिरवलं की त्या नटात आणखी रुतत जातात. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन सेट मिळतो. गॅरेजवाल्याने घ्यावाच, घरच्या माणसाने एका नटासाठी घ्यायची गरज नाही. काम झाल्यावर नट गोटीत अडकून बसतो, तो मागच्या चौकोनी भोकातून सळई घालून ठोकून काढायचा.

तुमची लोखंडी रिम असेल तर नट बराच उघडा असतो, त्यामुळे छिन्नीचाही मार्ग आहे. नटाच्या कडेला छिन्नीने आधी एक खाच पाडायची, मग छिन्नी आडवी करून त्या खाचेत सोडायच्या दिशेने मारायचं. हे नाही जमलं तर नट फोडायचा. नटाच्या जाडीत, स्टडला समांतर, एकमेकाला लागून दोन-तीन भोकं पाडली की छिन्नीच्या एका घावाने नट उकलतो. भोक स्टडच्या आट्यात गेलं तरी घाबरायचं नाही. नट वाचवायचा नाहीये आणि बहुधा स्टडही नाही. रिम आणि ड्रम मात्र वाचवायचे आहेत. अलॉय व्हीलमध्ये नट खोल भोकात असतो, छिन्नी पोहोचत नाही आणि भोकाच्या भिंतीला लागली तर अलॉय जातं. तिथे पातळ भिंतीची गोटी किंवा ड्रिल, दोनच पर्याय.

आणखी एक प्रकार ओळखून ठेवा. नट फिरतोय, पण बाहेर येत नाही. म्हणजे स्टडच्या मागच्या बाजूचे दाते ड्रममध्ये सैल झालेत आणि नटाबरोबर स्टडही फिरतोय. अशा वेळी कितीही फिरवा, काही होणार नाही, उलट ड्रममधलं भोक मोठं होईल. सरळ नट फोडायच्या तयारीला लागा.

स्टड तुटलाच तर? वाईट वाटून घेऊ नका. जाम नटाच्या कामात स्टड तुटणं हा अपघात नव्हे, तो एक रस्ता आहे, आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त. चाक निघतं. तुमच्या गाडीत मागचा ड्रम आणि हब एकच आहे, मधला मोठा नट काढला की बेअरिंगसकट हातात येतो. जुना स्टड समोरून ठोकून मागे काढायचा, ड्रमला खालून भोकाच्या अगदी जवळ टेकू देऊन, कारण ओतीव लोखंड ठोक्याने तडकतं. नवा स्टड मागून घालायचा, पुढून तीन-चार जाड वॉशर आणि नट उलटा लावून, म्हणजे सपाट बाजू आत करून, ओढून घ्यायचा. डोकं ड्रमला टेकलं की झालं. मधला नट मात्र नवीनच लावा आणि हे काम हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या.

इतर गाड्यांबद्दल थोडं, कारण हे वाचणारे सगळे वॅगनआरवाले नसतील. काही गाड्यांच्या नटांवर चकचकीत पत्र्याची टोपी असते. तिच्याखाली पाणी शिरून गंज फुगतो आणि 19 चा नट साडेएकोणीस होतो. पाना बसत नाही म्हणून लोक ठोकतात आणि टोपी सोलून निघते. तिथे टोपी छिन्नीने पूर्ण काढून टाका, आतला लहान नट लहान गोटीने निघतो, आणि मग चारही बदलून अखंड लोखंडाचे नट लावा. फोक्सवॅगन, स्कोडा यांच्या गाड्यांना नट नसून बोल्ट असतात, 17 च्या डोक्याचे, आणि त्यांचं बूड शंकू नसून गोळ्यासारखं गोलाकार असतं. शंकूच्या बुडाचा बोल्ट गोल बुडाच्या रिमला किंवा उलट लावू नका. बोल्टचं डोकं ड्रिल करून उडवलं तर घाबरू नका, ताण गेला की उरलेला दांडा बहुधा हाताने किंवा प्लायरने फिरून येतो. आणि कोणाकडे जुनी विलीज जीप असेल तर डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतात. एका शौकिनाच्या जीपचे दोन स्टड माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्वतः ‘सोडवता सोडवता’ तोडलेत. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त स्टडच्या टोकावरचा ‘एल’, म्हणजे उलट्या आट्यांची खूण, दाखवला.

आता हवेच्या गनबद्दल. पंक्चरच्या दुकानात गनने एका सेकंदात नट बसतो. किती कसला हे ना त्याला कळतं ना तुम्हाला. वर गनने नट वाकडा धरला गेला तर आटे चिरत आत जातो. तुमच्या गाडीच्या बाकीच्या तीन चाकांचे नटही आत्ताच एकदा सोडवून बघा, चौथ्याचा जोडीदार तिथेही निघू शकतो. परत बसवताना आटे ब्रशने साफ करा आणि नट हाताने किमान पाच-सहा फेरे आत जातोय का बघा. हाताने जात नसेल तर पाना लावायचा नाही. आट्यांना आणि शंकूला ग्रीस किंवा तेल लावू नका. सांगितलेला टॉर्क (कसायचा जोर) कोरड्या आट्यांसाठी असतो, तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. काढण्यासाठी सोडलेलं तेलही आधी पुसून घ्या. हबच्या मधल्या कडेला, जिथे रिमचं भोक बसतं, तिथे बोटाने ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी चाक हबला चिकटणार नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने कसा, शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बघा. पंक्चरवाल्याला ‘गन नको, हाताने लाव’ म्हटलं की तो तोंड वाकडं करतो. करू दे.

स्टड तुटून तीन नटांवर गाडी राहिली तर घाटाच्या रस्त्याने माझ्याकडे यायचं मनात आणू नका. चार नटांच्या चाकात एक कमी म्हणजे बाकीच्या तिघांवर वाढीव भार. तुमच्या जवळच्या शृंगारतळीला मेकॅनिक आहेत, त्यांच्यापैकी कोणाला घरी बोलवा आणि येताना 18 ची सहा कोनांची लांब गोटी आणायला सांगा. गोटीचे पैसे तुम्ही द्या, ती परत जाणार नाहीये.